तिला कुठे कळतंय

गेल्या आठवड्यात त्या जांभळ्या केसांच्या म्हातारीने माझी वाचाच घालवली. तसं पाहिलं तर काहीच घडलं नव्हतं. योकोहामाहून घरी येणाऱ्या गाडीत आम्ही तिघं बसलो होतो. मी, माझा नवरा शैलेंद्र आणि मध्ये आमची लेक मिताली, कानांत गाणी ऐकायची तिची ती पांढरी बोंडं घालून. समोर ती म्हातारी. टापटीप, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, आणि केस असे रंगवलेले की मी नेहमीसारखं शैलेंद्रला म्हटलं, "बघ रे, भरताचं वांगं." आवाज बिलकूल खाली न करता. इतकी वर्षं या देशात राहून मला जडलेली ही एकच चैन. गाडीत फोनवर बोलायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, भाजीवाल्याशी घासाघीस नाही, शेजारणीशी भांडण नाही; पण मराठीत कुणाविषयी काहीही बोला, कुणाच्या बापाला कळत नाही. शैलेंद्र हसला, आणि मग मितालीच्या डोक्यावरून आमचं नेहमीचं सुरू झालं, पुण्याला त्याच्या बहिणीकडे जायच्या तिकिटांचं. मी म्हटलं, "हिचं परतीचं तिकीट काढलेलं नाही हे अश्लेषाताईंना नीट सांगितलंयस ना? नाहीतर हिच्यासमोरच इंग्लिशमध्ये बोलून बसायच्या." तो म्हणाला, "ताईला सगळं माहितीय. गणपती झाले की आपण दोघांनी निघायचं. चार दिवस रडेल, मग लागेल वळण." मी म्हटलं, "एकदाची तिला तिकडे सोडली ना, की मी आधी दोन दिवस नुसती झोपणार आहे." तेवढ्यात स्टेशन आलं. म्हातारी उठली, पर्स सावरली, मितालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि किंचित वाकून म्हणाली, "येते हं." स्वच्छ मराठीत, हळदीकुंकवाला आलेली बाई उंबऱ्यात म्हणते तशी. दार बंद झालं आणि गाडी निघाली.

शैलेंद्रला गंमत वाटली. "पुण्यात असेल पूर्वी नवरा कुठल्यातरी कंपनीत. तुझं वांगं पोचलं बरं का," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना रंगवून सांगितलं. मला मात्र ते हसण्यावारी नेता येईना. वांग्याचं काही नाही, मेलं वांगं. पण मराठीत बोललेलं कुणाला कळत नाही, या एका भरवशावर मी जगत आले होते, आणि त्या बाईने दोन शब्दांत तो काढून घेतला. गाडी सुटल्यावर मी मितालीकडे बघितलं. ती त्या बंद दाराकडे बघत होती. एवढंच. पण त्या दिवसापासून घरात तोंड उघडलं की शब्द जिभेवरच अडतो. मीठ दे म्हणतानाही आधी तिच्याकडे लक्ष जातं.

आणि आता ही बोट. राउसू नावाचं गाव, होक्काइदोच्या पार पूर्वेच्या टोकाला, ऑगस्ट संपत आलेला आणि वारा असा की दात वाजतायत. नारिंगी लाइफजॅकेट घालून आम्ही वीसेक माणसं डेकवर गळाठल्यासारखी उभी आहोत. समोर कुनाशिरी बेटाचा निळा डोंगर दिसतो. ते बेट रशियाकडे आहे, आणि मध्ये कुठेतरी पाण्यावर न दिसणारी रेषा आहे, तिच्या पलीकडे बोट जात नाही. देवमासा पलीकडे गेला तर गेला. शैलेंद्र दुर्बीण लावून त्या रेषेचाच शोध घेत असावा. मिताली एकटी पुढे टोकाला, डोक्यावर जाकिटाची टोपी ओढून, आमच्याकडे पाठ करून. तिच्यासाठीच हे सगळं. सहा-सात वर्षांची असताना ती कागदामागून कागद देवमासेच काढायची. तेही इथला तो चौकोनी डोक्याचा, माक्को-कुजिरा. मोठ्या खोक्याला शेपूट लावल्यासारखा. राउसूला जायचं, राउसूला जायचं, असा कितीतरी वर्षं घोशा होता. आम्ही म्हणायचो, पुढच्या वर्षी. पुण्याची तिकिटं काढून झाल्यावर शैलेंद्र म्हणाला, "जायच्या आधी तिची ही एक इच्छा पुरी करून टाकू." मी म्हटलं, "फाशी द्यायच्या आधी विचारतात तशी?" तो चिडला. "तुझी जीभ म्हणजे ना, दमू!" म्हणाला. तेव्हाही मिताली समोर बसून सीरियल खात होती. आणि तो नेहमीप्रमाणे पुढे म्हणाला, "जाऊ दे, तिला कुठे कळतंय."

तिला कुठे कळतंय. हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं आहे, सगळ्यात पडतं. सुरुवात त्या बालवाडीतल्या बाईंनी केली. मिताली चार वर्षांची, घरी मराठीत चुरूचुरू बोलणारी, आणि शाळेत तोंडाला कुलूप. बाई फार गोड होत्या. गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाल्या, घरी तीन भाषा झाल्या की मूल गोंधळतं, तुम्ही थोडे दिवस जपानीतच बोलून बघा. आम्ही आज्ञाधारक. पुण्या-ठाण्याची माणसं, शिक्षकांनी सांगितलं की संपलं. त्या दिवसापासून तिच्याशी जपानी, अडलं तर इंग्लिश, आणि मराठी आमच्या दोघांची. थोडे दिवस म्हणता म्हणता दहा वर्षं गेली. ती कशी विसरली ते आम्ही बघितलंसुद्धा नाही. एके दिवशी ठाण्याहून माझी आई फोनवर तिला "जेवलीस का गं सोन्या" म्हणाली आणि पोरीने फोन माझ्या हातात दिला. मला तेव्हा वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. या कबुतराच्या खुराड्याएवढ्या घरात नवराबायकोला बोलायला जागाच कुठे असते? मग मराठी हीच आमची आतली खोली झाली. भांडणं तिथे, सासरची उणीदुणी तिथे, मितालीची काळजीही तिथेच, मितालीच्या देखत. आणि मितालीशी मी बोलायचे ती माझी मोडकी जपानी. त्या भाषेत मला बिल भरता येतं, डॉक्टरला दुखणं सांगता येतं, ओला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते विचारता येतं. पण त्या भाषेत मला रागावता येत नाही, आणि लाड तर मुळीच करता येत नाहीत. "अगं माझी बाय" याला जपानीत मी काय म्हणू? उलट तीच माझ्यासाठी सोपं करून बोलते. दवाखान्यात, वॉर्ड ऑफिसात, समोरचा माणूस भराभर बोलला की ती माझ्याकडे वळते आणि तेच लहान लहान शब्दांत, सावकाश सांगते, जसं काही मीच तिचं लेकरू आहे.

एप्रिलमध्ये तिने शाळा सोडली. सोडली म्हणजे, एके सकाळी गणवेश घालून दाराशी बसली, बूट पायात, आणि उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मग गणवेशही घातला नाही. इथे अशा मुलांना फुतोको म्हणतात, आणि अशी पुष्कळ आहेत, असं शाळेच्या समुपदेशक बाईंनी मला समजावलं, पुष्कळ आहेत म्हणजे बरं वाटायला हवं अशा सुरात. कुणी छळलं का? मान हलवते, नाही. अभ्यास जड जातो का? नाही. मग काय? "दाइजोबु." ठीक आहे. कशालाही दाइजोबु. जेवतेस का, दाइजोबु. रडतेयस का, दाइजोबु. दिवसभर खोलीचं दार लावून बसायची, आणि मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. कधी पेन्सिल टेबलावर आपटल्याचा आवाज यायचा, टक, टक, टक. तो यायचा तोवर जीव थाऱ्यावर असायचा. तो थांबला की मला धडकी भरायची, की आत काय झालं, आणि मी दार वाजवायचे, आणि आतून यायचं, दाइजोबु. असे महिने काढले आम्ही. रात्रीची झोप उडाली. शैलेंद्रचं कॉन्ट्रॅक्ट वाढलेलं, त्याला सोडता येत नव्हतं. मग अश्लेषाताई म्हणाल्या, माझ्याकडे पाठवा, इथे माणसांत राहील, शाळेचं मी बघते. आणि आम्हाला दोघांनाही, बुडत्याला हात मिळावा तसं झालं. तिला काय सांगायचं? गणपतीला चाललोय, सुट्टीसाठी. बाकीचं तिथे गेल्यावर बघू. हे ठरवलं तेही जेवणाच्या टेबलावर, ती समोर मिसो सूप पीत असताना.

बोटीवरचा भोंगा खरखरला. कप्तान बोलतोय. पन्नाशीचा, ताठ, एकसुरी आवाजाचा. वाऱ्यात मला निम्मंच कळतं. काहीतरी नरांबद्दल, माद्यांबद्दल. मी सवयीने मितालीकडे बघितलं. एरवी ती वळून सोपं करून सांगते. आज वळली नाही. शैलेंद्र जवळ येऊन म्हणाला, "इथे उत्तरेकडे म्हणे फक्त नर येतात. माद्या आणि पिल्लं तिकडे खाली, गरम पाण्यातच राहतात. पोरगे मोठे झाले की आयांना सोडून एकटे इतक्या लांब येतात. बघ दमू, जनावरंसुद्धा करतात." त्याला मला धीर द्यायचा होता, हे मला कळतं. तो वाईट माणूस नाही. पण मला असा राग आला! मी म्हटलं, "ते आपापले पोहत येतात शैलेंद्र. त्यांना खोटं तिकीट काढून कुणी आणत नाही." आणि बोलल्याबरोबर जीभ चावली, मितालीच्या पाठीकडे बघितलं. टोपी हलली नाही. कानांत ती बोंडं असणारच. ती काढते कधी?

आणि नसली तरी काय, सकाळी मी खात्रीच करून घेतली होती. आठवडाभर मनात जे कुरतडत होतं त्याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून. मुक्कामाच्या घरी नाश्त्याला आम्ही तिघं जमिनीवर बसलो होतो. मिताली अंड्याचं कवच सोलत होती. मी अगदी साध्या आवाजात, चहा ओत म्हणावं तशी, शैलेंद्रला म्हणाले, "हिच्या मानेवर गोम चढतेय." ज्याला मराठी कळतं तो माणूस किंचाळून उठला असता. शैलेंद्र उठलाच, ताट उपडं करत. मिताली अंडं सोलत राहिली. बाप असा का उडाला म्हणून तिने नुसती मान वर करून बघितलं आणि कवचाचा एक तुकडा बोटाने बाजूला केला. मला इतकं हायसं वाटलं की मी हसायलाच लागले. शैलेंद्र म्हणाला, "वेडी आहेस का तू!" हो बाबा, आहे वेडी. निघताना ती आरशासमोर उभी राहून कॉलर उलटून मान बघत होती, ते मी पाहिलं. पण त्या वयाच्या पोरी आरशासमोर काय वाटेल ते करतात. मान बघतील, दात बघतील, मुरुमं बघतील. मी तसंच समजले. मला तसंच समजायचं होतं.

कप्तानाने इंजिन मंद केलं आणि पाण्यात एक काळी वायर सोडली. वायरच्या टोकाला पाण्यातलं ऐकणारा माइक असतो. डेकवरच्या छोट्या स्पीकरमधून आधी नुसता खळखळाट आला, आणि मग, खालून कुठून तरी, टक. टक. टक. टक. सगळे "ओऽ" म्हणाले. देवमासा तळाशी अंधारात आवाज टाकून चाचपडत असतो, काय आहे, कुठे आहे. हे मितालीने मला कधीतरी लहानपणी सांगितलं होतं, सोपं करून. हाच आवाज. दाराआडून यायचा तोच. मी रेलिंग घट्ट धरलं. घरी स्वयंपाकघरात, फ्रीजला टेकून, मी कितीदा तरी माझ्या बहिणीला, सुप्रभाला, फोन केलेत, आणि दोन हातांवर मिताली टेबलापाशी बसलेली असायची. काय काय बोलले मी! सगळं एकदम वर यायला लागलं. तिच्या बापासारखी घुमी आहे म्हणाले. लोकांच्या मुली बघितल्या की पोटात दुखतं म्हणाले. आणि मे महिन्यात, पाऊस लागून राहिला होता तेव्हा, म्हणाले, "मला ती माझी वाटतच नाही गं सुप्रभा. पाहुणी आलीय घरी आणि जायचं नाव घेत नाही, तसं वाटतं." सुप्रभा म्हणाली, "असं बोलू नये गं, ऐकेल." मी म्हटलं, "ऐकू दे ना, तिला कुठे कळतंय." मग मिताली उठली होती, आपली ताटली धुऊन, पुसून, जागेवर ठेवली होती, आणि खोलीत जाताना मला जपानीत म्हणाली होती, माझ्या आवाजाचा तुला त्रास तर होत नाही ना? मी म्हटलं होतं, नाही नाही, दाइजोबु. तेव्हा मला त्या प्रश्नाचं काहीच वाटलं नव्हतं.

टक टक थांबलं. थांबलं म्हणजे? मेला? रेषेपलीकडे गेला? मी इकडेतिकडे बघायला लागले, पण कप्तानाने उलट खुशीत येऊन हात वर केला, इंजिन पुरतं बंद केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. शेजारची एक बाई मला हळूच म्हणाली, आवाज थांबला म्हणजे तो वर यायला निघाला. म्हणजे आनंदाची गोष्ट. मला हे कुणी आधी का नाही सांगितलं? सगळी बोट गप्प झाली. इथली माणसं गप्प होतात म्हणजे पुरती गप्प होतात. लाटेचं बोटीला थपडणं तेवढं ऐकू येत होतं. आणि त्या शांततेत शैलेंद्रने, मराठीत बोलणं म्हणजे बोलणं नव्हेच या आमच्या जुन्या सवयीने, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "ताईला मी सांगितलंय, हिचा पासपोर्ट पहिल्याच दिवशी काढून घे आणि कपाटात ठेव. मिळाला तर हट्ट धरून बसेल." लख्ख ऐकू गेलं. दोन-तीन माणसांनी नाराजीने मागे वळून पाहिलं. त्याच वेळी वाऱ्याचा एक झोत आला आणि मितालीच्या डोक्यावरची टोपी मागे पडली. तिचे कान उघडे होते. लाल झालेले, थंडीने, आणि रिकामे. बोंडं नव्हती. मग मला आठवलं, निघताना ती बोंडं मुक्कामाच्या खोलीत उशीजवळ तशीच पडली होती, मी पाहिलंही होतं.

तो वर आला तेव्हा सगळे डावीकडे धावले, पण मी धावले नाही. करडं, ओबडधोबड लाकडासारखं काहीतरी पाण्यावर पडून होतं आणि तिरका फवारा उडवत होतं. फुस्स करून, दमलेल्या माणसाच्या उसाशासारखा. कॅमेरे कटकटत होते. मी पुढे टोकाशी गेले, मितालीच्या शेजारी उभी राहिले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं आणि ती ते डोळ्यांत साठवत होती, गाल ओले, वाऱ्याने की कशाने कोण जाणे. मला तिला जवळ घ्यायचं होतं आणि कुठल्या भाषेत घ्यावं ते सुचत नव्हतं. देवमासा श्वास घेत राहिला, बराच वेळ. मग पाठ वाकली, आणि शेपूट वर आलं, अख्खं, काळं, पाणी गाळत, आणि सरळ खाली गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाण्यावर एक गुळगुळीत चकती राहिली, बाकी काही नाही.

"आई," मिताली म्हणाली.

दहा वर्षं ती मला जपानीत ओकासानच म्हणत आली आहे. मी वळले. तिचं मराठी चार वर्षांच्या मुलीचं होतं, बोबडं नव्हे पण लहान, जिथे आम्ही ठेवून दिलं तिथेच राहिलेलं. शब्द शोधत, एकेक नीट उचलून ती म्हणाली, "आत्याकडे पण... मला मराठी कळत नाही, असंच करायचं का?"

रागाने नाही. आज प्लास्टिक टाकायचं की जळणारा कचरा, असं दाराशी पिशवी घेऊन विचारते, त्याच सुरात. तुम्हाला सोयीचं होईल ते सांगा, मी तसं करते. मला रडू कोसळलं. इतकी वर्षं ही पोरगी आमच्या आतल्या खोलीत आमच्यासोबत बसून होती आणि आम्हाला अवघडायला नको म्हणून नसल्यासारखं करत होती. मानेवर गोम चढू देत होती. मी तिचे दोन्ही हात धरले, बर्फ झाले होते, आणि चोळायला लागले.

शैलेंद्र हसत आला, हातात मोबाइल, त्यात शेपूट. "मिळालं, मिळालं! अगं, रडतेस काय? काय म्हणाली ती?"

"तिलाच विचार," मी म्हटलं. "मराठीत विचार."

"काहीतरीच काय," तो म्हणाला. "तिला कुठे कळतंय."

मिताली माझ्याकडे बघत होती. अगदी बारीक, फक्त मला दिसेल अशी तिने मान हलवली. सांगू नको म्हणून. बापाला वाईट वाटेल म्हणून. इंजिन सुरू झालं, डेक थरथरायला लागला. मी तिच्या बापासमोर, दहा वर्षांनी, तिच्याशी मराठीत बोलले. "नाही बाळा. असं काही करायचं नाही. आत्याकडे राहायचंच नाही तुला. गणपती झाले की आपण तिघं परत यायचं. तिघंही." शैलेंद्रचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि त्याचे डोळे मात्र मागे मागे चालले, पासपोर्ट, तिकीट, गाडी, टेबल, जसे माझे आठवडाभर चालले होते. मिताली विचार करत होती. तिच्या कपाळावर ती आठी पडली, जी माझ्यासाठी काही सोपं करून सांगताना पडते.

"मग," ती म्हणाली, "तू दोन दिवस झोपणार कधी?"